बिनखाड्याची घंटा

मी शाळेत नोकरी केली असं सांगितलं की मराठी माणसाचा पुढचा प्रश्न ठरलेला असतो, "कोणता विषय?" कोणताच नाही म्हटलं की समोरच्याचा चेहरा जरासा उतरतो आणि मग तो मला सांभाळून घेतो. "ऑफिसात का? वा, तेही छानच की." टोरोंटोच्या पूर्वेला, व्हिटबीच्या बाजूच्या एका उपनगरात, नववी ते बारावीच्या सरकारी हायस्कुलात मी हजेरीची सेक्रेटरी होते. मुख्य दारातून आत आलं की डाव्या हाताला काचेची खिडकी, खिडकीच्या आत मी.

लोकांना वाटतं की आम्ही मुलांची गैरहजेरी लावतो. तसं नाही. गैरहजेरी शिक्षक लावतात, दिवसात चार तास, प्रत्येक तासाला आपापल्या कॉम्प्युटरवर. आमचं काम त्या गैरहजेरीला कारण शोधणं. मूल आजारी आहे, दाताच्या डॉक्टरकडे आहे, सणासाठी घरी आहे, की आईबाप समजतात शाळेत आहे आणि आहे मॉलमध्ये. प्रत्येक कारणाला एक अक्षर असतं. दुपारपर्यंत एकाही नावापुढे अक्षरावाचून रिकामी जागा राहता कामा नये, कारण रिकामी जागा म्हणजे एक मूल कुठे आहे ते कोणालाच ठाऊक नाही. हे एकदा डोक्यात बसलं की या कामाला कोणी कारकुनी म्हटलं तरी राग येत नाही.

मी जिंतूरची. वडील बाजार समितीत मापाडी होते. सही करण्यापुरतं लिहायला शिकलेले, पण काट्यावर हात असा की आडते आणि शेतकरी दोघंही त्यांच्या मापाला हरकत घेत नसत. सख्ख्या मेव्हण्याचं धान्य आलं तरी ते काट्याकडेच बघायचे, मेव्हण्याकडे नाही. आमच्या शाळेत गैरहजेरीला कारणबिरण नव्हतं. मूल आलं नाही की सातपुते बाई वर्गातल्या दोन मुली घरी पाठवायच्या. मला अशा दोन मुली एकदाच न्यायला आल्या. त्या दिवशी आईने मला धाकट्याला सांभाळायला ठेवलं होतं. संध्याकाळी बाई स्वतः घरी आल्या आणि वडिलांना म्हणाल्या, "हिची हजेरी तुमच्या नावावर मांडणार आहे." वडिलांनी ते शब्दशः घेतलं. पुढे मी बी. ए. झाले, आमच्या घरातली पहिली, त्याची सुरुवात त्या संध्याकाळी झाली असं मी मानते. कॅनडात आल्यावर या पदवीवर फार काही मिळालं नाही. जे मिळालं ते हजेरीचं काम होतं, आणि मला ते अगदी परकं वाटलं नाही.

खिडकीवर गिऱ्हाइकं नाना तऱ्हेची येत. इथे अठरा पूर्ण झाली की मुलाला स्वतःची चिठ्ठी स्वतः लिहायचा हक्क मिळतो. एका मुलीने वाढदिवसाच्या दुसऱ्याच दिवशी मला चिठ्ठी दिली: "माझी तब्येत ठीक नाही असं मी मला कळवलं आहे आणि माझी खात्री पटली आहे." मी ती तशीच फाईलला लावली. बापाचा आवाज काढून फोन करणारी मुलं तर दर हिवाळ्यात. त्यांना पकडायची माझी पद्धत साधी होती. मी काळजीने विचारायची, "ताप किती आहे?" खरा बाप गोंधळतो आणि बायकोला हाक मारतो. खोटा बाप लगेच आकडा सांगतो.

शाळेच्या परंपराही बऱ्याच. सकाळी राष्ट्रगीत लागलं की कॉरिडॉरमध्ये जो जिथे असेल तिथे थांबणार, एक पाय जिन्यावर असला तरी. नाताळच्या सुट्टीआधी शिक्षक मुलांना पॅनकेक करून वाढणार, आणि त्याच दिवशी पजामा डे, म्हणजे सगळ्यांनी रात्रीच्या कपड्यांत शाळेत यायचं. पहिल्या वर्षी मला कोणी सांगितलं नव्हतं. मी नेहमीसारखा पंजाबी ड्रेस घालून गेले आणि दिवसभर लोक माझ्या पजाम्याचं कौतुक करत राहिले. मीही थँक यू म्हणत राहिले. दुसरं काय करणार.

या सगळ्यांत जुनी परंपरा घंटेची. शाळा पूर्वी शेतांच्या मधोमध दोन खोल्यांची होती. त्या काळची लाकडी मुठीची पितळी घंटा ऑफिससमोरच्या काचेच्या कपाटात ठेवलेली असे. ती वर्षातून एकदाच वाजायची. जूनमध्ये बारावीच्या शेवटच्या दिवशी, ज्या विद्यार्थ्याचा चार वर्षांत एकही खाडा नाही त्याने ती हातात घेऊन सगळ्या कॉरिडॉरमधून वाजवत जायचं. वर्गावर्गातून मुलं बाहेर येतात, बारावीचा वर्ग त्याच्या मागून चालतो, आणि मिरवणूक मुख्य दारातून बाहेर पडते की बारावी संपली. कपाटाच्या वर लाकडी फळी होती, तिच्यावर दर वर्षाची एक पितळी पट्टी. पट्टीवर साल आणि नाव. बिनखाड्याचं कोणी नसेल तर घंटा वाजायची नाही आणि पट्टीवर नुसतं साल. कोऱ्या पट्ट्या पुष्कळ होत्या.

नियमाचा टाईप केलेला कागद कपाटातच चिकटवलेला होता. शाळा उघडी असेल तो प्रत्येक दिवस धरायचा. आजारपण खाडाच, आणि एक तास बुडला तरी खाडा. शाळेची सहल आणि ज्याच्या त्याच्या धर्माचा सण हा खाडा नाही. सणाची ओळ नंतर पेनने घातलेली होती. दर मे महिन्यात घंटेची यादी मी काढायची, आणि घंटा व पट्ट्या घासायचं कामही माझ्याकडे आलं, ते पहिल्याच वर्षी. काळी पडलेली घंटा बघवेना म्हणून घरून चिंचेचा कोळ आणि मीठ नेलं. मुख्याध्यापक बघायला आले, मग केअरटेकर आला, मग केमिस्ट्रीचे सर वर्गच घेऊन आले. तेव्हापासून घंटा माझी.

आता दोन मुलांबद्दल सांगायचं आहे. पहिला निरोशन. तमिळ मुलगा, उंच, खांदे पाडून चालणारा. तीन वर्षं आणि वर काही महिने त्याचा एकही खाडा नव्हता. बारावीच्या एप्रिलमध्ये एका सकाळी हजेरीच्या फोनवर त्याचा स्वतःचा आवाज आला. म्हणाला, मिस, मी निरोशन, सकाळचे दोन तास येऊ शकणार नाही. अप्पांच्या छातीत दुखतंय म्हणून हॉस्पिटलमध्ये आणलंय, त्यांना इंग्रजी येत नाही, डॉक्टरांशी बोलायला मी लागतोय. जेवणाच्या सुट्टीत तो शाळेत हजर झाला. वडील बरे होते. मी त्याच्या नावापुढे योग्य ते अक्षर टाकलं.

दुसऱ्या दिवशी तो खिडकीशी आला आणि विचारलं, "घंटेचं काय, मिस?"

मी कपाटातला कागद काढून त्याच्यासमोर धरला. त्याने पूर्ण वाचला. सणाची ओळ दोनदा वाचली असावी. मग म्हणाला, "ठीक आहे. नियम आहे." जाता जाता थांबला आणि विचारलं, ती जड आहे का? मी घंटा काढून त्याच्या हातात दिली. त्याने आतला लोलक दोन बोटांनी घट्ट धरला, वाजू नये म्हणून, आणि मूठ धरून वजन बघितलं. मग तशीच परत ठेवली. त्या वर्षी घंटा वाजली नाही.

मुख्याध्यापकांना मी विचारलं नव्हतं. विचारण्यासारखं काही आहे असं मला वाटलंच नाही. नियम स्पष्ट होता आणि माप सरळ होतं. घरी जाताना मला वडिलांची आठवण आली होती आणि ती अभिमानाने आली होती, हे मी लपवत नाही.

दुसरी जोसलिन. हे घर वसईचं. आई वृद्धांच्या नर्सिंग होममध्ये, वडील गोदामात, आणि घरात आजी. जोसलिन नववीत आली तेव्हा आईने फोनवर माझं आडनाव विचारलं आणि पुढचं सगळं मराठीत बोलली. शाळेच्या फोनवर मराठी बोलायला मिळालं की मला मुलखात गेल्यासारखं व्हायचं. पण त्या घरून फोन फारसे येत नसत, कारण जोसलिन गैरहजर राहतच नसे. एकदा पालकसभेला आजी आल्या होत्या. ठेंगण्या, केसांचा घट्ट अंबाडा, थंडीच्या कोटाखाली सुती साडी. वसईत नगरपालिकेच्या दवाखान्यात आया होत्या. मला म्हणाल्या, "बाई, मी पस्तीस वर्षं नोकरी केली. अंगठ्याने सुरू केली, सहीने संपवली. मस्टर कधी चुकवलं नाय." नातीला सकाळी उठवायचं काम त्यांचं होतं. मला सातपुते बाईंची आठवण झाली. जोसलिनकडे माझं जरा जास्त लक्ष होतं, आणि ते आमच्या भाषेमुळे होतं. इथे मराठी मुलं मोजकी, त्यात असं घर.

ती दहावीत असताना फेब्रुवारीत एक मोठं वादळ झालं. अशा दिवशी इथे एक चमत्कारिक गोष्ट होते. पिवळ्या बसेस रद्द होतात, पण शाळा उघडी असते. बसची मुलं येऊ शकत नाहीत, चालत येणारी येत नाहीत, शिक्षक निम्मे येतात, आणि ऑफिसला मात्र यावंच लागतं. माझ्या नवऱ्याने पहाटे दारापुढचा बर्फ फावड्याने उपसून गाडीला वाट करून दिली म्हणून मी पोचले. इमारतीत मी, केअरटेकर आणि तीन-चार शिक्षक. शाळा भरायला अजून वेळ होता. तेवढ्यात मुख्य दार उघडलं आणि जोसलिन आत आली. घर एरवी पंधरा मिनिटांवर, पण बर्फ गुडघ्याएवढा होता. बूट भरलेले, भुवया पांढऱ्या. डोक्यावरचं हूड न काढता ती खिडकीशी आली आणि तिने विचारलं, "मिस, सही कुठे करू?"

उशिरा येणाऱ्यांसाठी खिडकीवर एक वही असते, तिच्यात नाव, वेळ आणि सही करायची. जोसलिनला उशीर झालेला नव्हता, तिला सहीची गरज नव्हती. पण मी वही पुढे केली. तिने व्यवस्थित सही केली, वेळ लिहिली. तिचे मोजे पिळण्यासारखे ओले होते. हरवल्या-सापडल्याच्या खोक्यातून मी कोरडे मोजे काढून दिले आणि मराठीत म्हटलं, "अगं, शाळेत चिटपाखरू नाहीये. सर्दी होईल. घरी जा बघू. हजेरीचं मी बघते."

तिने एकदाच विचारलं, "शुअर ना, मिस?" मी शुअर म्हटलं. ती गेली.

मग फोन सुरू झाले. शाळा चालू आहे का, बस का नाही, परीक्षा होणार का. दुपारी मी सगळ्या शाळेला एकदम "बस रद्द"चं अक्षर टाकलं आणि जी काही मुलं आली होती त्यांची नावं त्यातून काढली. जोसलिन कोणत्याच वर्गात नव्हती, त्यामुळे कोणत्याच शिक्षकाच्या यादीत नव्हती. ती फक्त माझ्या डोक्यात होती, आणि तिथून ती निसटली.

हे कळलं ती बारावीत असताना, मे महिन्यात, घंटेची यादी काढली तेव्हा. चार वर्षांत एक खाडा, दहावीतला, फेब्रुवारीतला. तारीख बघितली आणि मला मोजे आठवले.

जोसलिन घंटा वाजवणार हे तिच्या घरी गृहीतच होतं. आईने नर्सिंग होममध्ये त्या दिवसाची रजा टाकली होती. आजी नवीन चपला घेऊन बसल्या होत्या, बर्फात घालायच्या बुटांनी मिरवणुकीत कोण जातं म्हणून. आणि घंटा आणि ही मुलगी यांच्यामध्ये उभं होतं ते माझं एक अक्षर.

ते बदलणं कठीण नव्हतं. जुन्या वर्षाची नोंद बदलायला मुख्याध्यापकांच्या सहीचा फॉर्म लागतो, आणि असे फॉर्म सहसा न वाचताच सही होऊन येतात. "नोंदीतील चूक" एवढं लिहिलं असतं तरी भागलं असतं. पण ती नोंदीतली चूक नव्हती. मुलगी वर्गात होती आणि मी ती नाही असं लिहिलं, तर ती चूक. ही वर्गात नव्हती. मी तिला खोटी हजेरी देण्याचं कबूल केलं होतं आणि मग ती द्यायला विसरले होते. आता विसरलेलं खोटं पूर्ण करायचं की कसं, असा तो प्रश्न होता. शिवाय निरोशन होताच. त्याच्या वेळी मी कागद काढून दाखवला होता. वसईच्या मुलीच्या वेळी कागद कपाटातच ठेवायचा का?

दोन दिवस मी कोणाला बोलले नाही. तिसऱ्या दिवशी जुन्या वह्यांच्या खोक्यातून त्या सालची वही शोधली. सही होती. वेळ शाळा भरायच्या आधीची. वही घेऊन मी मुख्याध्यापिका मिसेस डॉयल यांच्या खोलीत गेले आणि सगळं सांगितलं. मोजे सांगितले, मराठीत काय बोलले ते सांगितलं, आणि ती मुलगी आमच्या भाषेची आहे तेही सांगितलं. त्या बाई मूळच्या हॅलिफॅक्सच्या, बर्फाला जन्मभर सरावलेल्या. त्यांनी वहीतली सही बघितली आणि विचारलं, "ती त्या वादळात चालत आली?"

"हो."

"आणि शाळेनेच तिला घरी पाठवलं?"

"शाळेने नाही, मी."

"सकाळी सातला या इमारतीत शाळा म्हणजे तूच होतीस," त्या म्हणाल्या. फॉर्मवर कारणाच्या चौकटीत काय लिहू असं मी विचारलं. त्या म्हणाल्या, घडलं ते लिही. मी लिहिलं, "विद्यार्थिनी आली होती. मी तिला परत पाठवलं." त्यांनी सही केली. बाहेर आल्यावर मला हलकं वाटलं. मी खोटं बोलले नव्हते, सवलत मागितली नव्हती, आणि मुलीचं गेलं नव्हतं.

जूनमधला तो दिवस स्वच्छ होता. घंटा आदल्या दिवशी मी चिंचेने लख्ख केली होती. जोसलिनने पांढरा ड्रेस घातला होता. ती पहिला टोला जरा घाबरतच देते की काय असं वाटलं, पण कॉरिडॉरच्या पहिल्या वळणापर्यंत तिचा हात बसला होता. मुलं दारादारांतून बाहेर आली. टाळ्यांच्या आवाजात घंटेचा आवाज मधूनच वर यायचा. मिरवणूक ऑफिससमोरून गेली तेव्हा आजी माझ्या खिडकीला टेकून उभ्या होत्या, आणि घंटेच्या प्रत्येक टोल्याला मान हलवत होत्या, गाणं ऐकताना हलवतात तशी.

नंतर हिरवळीवर केक होता. जोसलिनची आई माझे हात धरून थँक यू म्हणत होती. मी म्हटलं, माझं काही नाही, पोरीची कमाल आहे, त्या वादळात कोण आलं असतं?

आजींचा चेहरा खुलला. "बाई, तुम्हाला आठवते का ता बर्फ? पोरगी निघायला तयार नवती. आज कोण नाय येणार म्हणाली. मीच सांगितलं, नुसती जा, सही करून ये, मी चाय टाकते. एकदा सही झाली की हजेरी लागली, मग कोण विचारते. आमच्या दवाखान्यात पाऊस जोराचा असला की आम्ही तसाच करायचो. मस्टरवर सही, की परत घरी."

"आजी, प्लीज," जोसलिन म्हणाली.

"काय प्लीज? चाय गरम होती तवर परत आली पण. बाईंनी मोजे दिले म्हणून सांगत होती."

जोसलिनने माझ्याकडे बघितलं नाही. घंटा अजून तिच्या हातात होती आणि तिने ती उलटी धरली होती, लोलक हलू नये म्हणून. तिची आई घाईघाईने केकबद्दल काहीतरी बोलली. मी आजींना म्हटलं, चहा थंड झाला नाही हे बरं झालं. त्या प्रसन्नपणे हसल्या. त्यांनी आयुष्यभर मस्टर चुकवलं नव्हतं आणि नातीलाही चुकवू दिलं नव्हतं. त्यात लपवण्यासारखं काही आहे हे त्यांच्या मनातही नव्हतं. मलाही राग आला नाही. जिंतूरच्या कचेरीत हेच चालायचं हे मी लहानपणापासून बघितलं होतं. तरी "सही कुठे करू" असं पोरीने हूड न काढता विचारलं तेव्हा माझ्या मनात संशय आला नाही, उलट मी तिच्या शिस्तीला भुलले. मिसेस डॉयल यांना तो आला नसता. पण मला यायला हवा होता.

ती खरोखर लगेच परत जाणार होती का? मी घरी जा म्हटलं नसतं तर ती वर्गात बसलीही असती. हे मी पुष्कळदा मनात फिरवून बघितलं. ते मला माहीत नाही, आणि मला वाटतं तिलाही माहीत नसावं. फॉर्मवरचं प्रत्येक वाक्य मात्र खरं होतं. ती आली होती. मी तिला परत पाठवलं.

त्या दिवशी दुपारी मी पुन्हा मिसेस डॉयल यांच्याकडे गेले. पट्टीवर नाव कोरायची ऑर्डर माझ्या हातून जायची होती, आणि मी ठरवून गेले होते की आजींचं बोलणं सांगायचं. दारात पोचले आणि सांगितलं नाही. त्याऐवजी निरोशनचं सांगितलं. हॉस्पिटल, वडील, दोन तास. जुन्या वर्षाचा फॉर्म त्याच्यासाठीही भरता येईल का असं विचारलं.

त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "त्याने स्वतः फोन करून सांगितलं होतं, की येणार नाही?"

"हो."

"आणि तू तेच लिहिलंस."

"हो."

"मग मी काय दुरुस्त करू?" त्या म्हणाल्या. "त्यात चूकच नाही."

मी परत आले आणि जोसलिनच्या नावाची ऑर्डर पाठवून दिली.

निरोशनच्या घरून हॉस्पिटलला जाताना शाळा मध्येच लागायची, अगदी रस्त्यावर. त्या सकाळी गाडी दोन मिनिटं थांबवून तो आत आला असता, वहीत सही केली असती आणि निघून गेला असता, तर मी म्हटलं असतं, जा बाबा, वडिलांकडे बघ, हजेरीचं मी बघते. नक्की म्हटलं असतं. पण तो आला नाही, त्याने फोन केला. त्याला सही करून निघून जाणं सुचलं नाही, किंवा सुचलं असून केलं नाही. त्याचा नंबर जुन्या नोंदीत होता, पण नोंदीतले नंबर अशा कामासाठी वापरायला मनाई आहे, आणि वापरून त्याला काय सांगायचं हेही मला उमगत नव्हतं.

पुढच्या जूनमध्ये मी निवृत्त झाले. त्या वर्षी बिनखाड्याचं कोणी नव्हतं. घंटा वाजली नाही, तरी मी ती घासली, आणि पट्ट्याही घासल्या. जोसलिनची पट्टी नवी होती, पण नव्या अक्षरांत चिंचेचा कोळ अडकतो, तो काडीने काढावा लागतो. निरोशनच्या सालाची पट्टी कोरी. कोरी पट्टी घासायला सोपी, एकदा फडकं फिरवलं की झालं.

मला ती घासायला त्या दिवशी सगळ्यांत जास्त वेळ लागला.